सहाच्या पुढे

माझा भाऊ इमाद आणि आमचे अब्बा यांचं भांडण सहा आणि सात या दोन आकड्यांवरून होतं. लोकांच्या घरी वावरावरून भांडणं होतात, लग्नांवरून होतात, आमच्याकडे यावरून. अब्बा म्हणजे वली ऑपरेटर. अकोल्यात खुशालरावांच्या टॉकीजमध्ये ते मशीन चालवायचे. मशीनच्या खोलीत आवाजाचं एक बटण असतं, शून्यापासून दहापर्यंत फिरणारं. अब्बा ते सहाच्या पुढे नेत नसत. पडद्यावर हाणामारी असो की डोंगर कोसळो, सहा म्हणजे सहा.

इमाद चोवीस वर्षांचा. दोन वर्षं अमरावतीला राहून साउंड बसवायचं काम शिकून आला होता, आणि २००७च्या एप्रिलात खुशालरावांनी त्याच्याच हातून टॉकीजमध्ये नवे बॉक्स बसवून घेतले. भिंतींवर बारा, पडद्यामागे चार. महिनाभर पोरगं शिडीवरून खाली उतरलं ते फक्त झोपायला.

"अब्बा, सात हा माहा हट्ट नाई," तो समजावून सांगायचा. "पिक्चर बनवनारे सातवर आयकूनच बनवते. तुमी सहावर लावता, तं अर्धा पिक्चर डब्यातच राह्यते."

"राहू दे डब्यात," अब्बा म्हणायचे. "डायलॉग आयकू येते नं? मंग झालं."

मला दोघांचंही समजायचं, कारण मी वयानं दोघांच्या मधली. मी नगमा, तेव्हा तेहतीस वर्षांची, महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवणारी. आम्ही घरात उर्दू बोलतो असं लोकांना सांगतो. खरं म्हणजे ती वऱ्हाडीच, फक्त इस्त्रीचे कपडे घातलेली. त्यात अब्बांनी उमेदीची वर्षं टुरिंग टॉकीजच्या तंबूसोबत गावोगाव काढलेली, त्यामुळे ते तर इस्त्रीचीही फिकीर करत नसत.

अब्बांच्या काळचं पब्लिक सिनेमा ऐकायला यायचं. नायकानं तोंड उघडायच्या आधी पुढच्या खुर्च्यांतून डायलॉग म्हटला जायचा. कापूस विकून आलेल्या बैलगाड्या टॉकीजच्या मागं सुटायच्या आणि माणसं दोन-दोन शो बघून जायची. ते पब्लिक आता आटलं होतं. गावाकडची माणसं शहरात यायची ती दवाखान्यात, नाहीतर तहसीलमध्ये. त्या वर्षांत अब्बा पेपर मागच्या पानापासून वाचायला घ्यायचे आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचं पहिलं पान यायच्या आधीच घडी घालून ठेवायचे. उरली कॉलेजची पोरं. त्यांना सिनेमा पोटात वाजायला हवा होता. नाही वाजला की सरळ रेल्वेत बसून अमरावतीला जायची.

मला विचाराल तर मला दोन्ही नको. मी टॉकीजमध्ये गेले की पहिल्या गाण्यानंतर झोपते.

पण त्या मे महिन्यात माझी झोप उडाली. खुशालरावांनी इमादला बोलावून साफ सांगितलं. उन्हाळ्याचा मोठा पिक्चर येतोय, इंग्रजीचा हिंदीत केलेला, लोखंडी राक्षसांचा. पहिल्या आठवड्यात पोरं आली तर टॉकीज राहील आणि साउंडचं सगळं काम कायमचं इमादकडे. नाही आली तर खुर्च्या काढून मंगल कार्यालय. "वलीभाईले मी काई म्हनू शकत नाई," ते म्हणाले, "माह्या बापानं ठेवलेला मानूस हाये. तू पोरगा हायेस, तू समजाव."

इमादनं समजावलं. चार दिवस समजावलं. अब्बा जेवणाच्या ताटावरून उठून गेले, पण बटणावरून हटले नाहीत. शेवटी इमाद माझ्याकडे आला. "बाजी, तू बोल. तुह्यं आयकते ते. काहून करून राह्यले असं, तेवढं तरी विचार."

काहून, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं. अब्बांना गोंगाट सोसत नाही, एवढं धरून चाललो होतो. गोंगाट त्यांना कसा सोसत नव्हता, हे मात्र मी लहानपणापासून बघत होते. वरात दारावरून गेली की घरातले सगळे बघायला धावायचे आणि अब्बा दाराशी मान वाकडी करून उभे राहायचे, बॅन्डच्या खाली दुसरं काही वाजतंय का ते ऐकत. कूलर घरघरायला लागला की मधेच उठून बंद करायचे. मग विचारायचे, "कोनी आवाज देल्ला का?" अम्मी होती तोवर ती म्हणायची, कोनी नाई. अम्मी गेली आणि ते काम माझ्याकडे आलं. कोणी नाही, अब्बा. दिवसातून तीन वेळा, चार वेळा. आम्ही हसायचो त्यावर. आज त्या हसण्याची मला लाज वाटते.

गुरुवारी, पिक्चर लागायच्या आदल्या दिवशी, मी दुपारी टॉकीजमध्ये गेले. बाराचा शो सुटला होता. मशीनच्या खोलीत भट्टीसारखं तापलं होतं. अब्बा बनियनवर बसून मशीन पुसत होते. मी फिरवून फिरवून बोलणाऱ्यातली नाही.

"अब्बा, उद्या सात कराल का?"

"नाई."

"का नाही?"

"मंग आयकू येत नाई."

"सातवर जास्त ऐकू येतं, अब्बा. कमी नाही."

"पिक्चर येते आयकू," ते म्हणाले. "पोरगी नाई येत."

कोणती पोरगी, असं मी विचारलं. त्यांनी फडकं बाजूला ठेवलं आणि सांगितलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

१९८१ची गोष्ट. पातूरकडच्या एका गावची जत्रा होती आणि जत्रेत यांचा तंबू लागला होता. माणसं उजवीकडे, बाया-पोरं डावीकडे, मधे कनात. भोंगे बांबूंना बांधलेले, विजेचं इंजिन बाहेर. अब्बा मागं गाडीवर मशीनपाशी, समोर वीतभर खिडकी, तिच्यातून पडदा तेवढा दिसायचा. मशीनची खडखड एवढी की बाहेरचं नीट काही कळायचं नाही. पिक्चर अर्ध्यावर आला आणि वावधन सुटलं. मे महिन्यात आमच्याकडे असं धुळीचं वादळ सुटतं, थेंबभर पाणी नाही आणि नुसता वारा. प्रकाशाच्या झोतात धूळ दिसली तेव्हा अब्बांना वाटलं, थांबेल. बायांकडचा खांब पडला होता आणि त्या बाजूचा सगळा तंबू त्यांच्या अंगावर बसला होता, हे त्यांना दिसलं नाही. पडदा उभाच होता. पिक्चर चालूच होता.

बाया कापडाखालून सरपटत बाहेर आल्या. कुणी रडत, कुणी चक्क हसत. पार्बता नावाची सात वर्षांची एक पोरगी आली नाही. तिचा बाप देवीदास माणसांच्या बाजूनं धावत आला आणि त्या पसरलेल्या कापडापुढं उभा राहून ओरडायला लागला. "आवाज दे. आवाज दे वो पार्बते, आवाज दे."

इथं मला थांबून एक सांगितलं पाहिजे. पुस्तकात हाक मारतात आणि हाकेला ओ देतात. वऱ्हाडात दोन्हीला आम्ही बहुतेक वेळा आवाज देणंच म्हणतो. आई आवाज देते आणि पोरगंही आवाजच देतं. मी शाळेत असल्या वाक्यांना लाल गोल करते. 'आईने मला आवाज दिला' असं लिहिलं की खाली 'हाक मारली' लिहून देते. आणि टॉकीजमध्ये, तंबूत, कुठंही पडद्यावरचा आवाज बसला की पब्लिक ऑपरेटरवर ओरडतं तेही हेच. ए, आवाज दे. रोजच्या शोला, रोज रात्री, अब्बांनी हे शब्द ऐकलेले.

"मले तेवढंच आयकू आलं," अब्बा म्हणाले. "आवाज दे, आवाज दे. मले वाटलं, वाऱ्यानं भोंगे आयकू येत नसन. मी फुल केला."

त्यांनी बटण फिरवावं तसा हात हवेत फिरवला.

"पुरा फुल केला. वरतून हानामारीचा सीन. दोन मिनिटं चालला असन, नाईतं तीन. मंग इंजिनवाल्यानं पाह्यलं अन् इंजिन बंद केलं. सगळं चूप झालं. थो मानूस आवाज देऊनच राह्यला होता, पन तिकडून काई आलं नाई. कापड उचललं तं कनातीपाशी होती. तोंडावर तंबू अन् अंगावर बांबू."

"अब्बा, कदाचित ती आधीच..."

"नाई. चतुराबाई म्हनून एक म्हातारी तिच्या बाजूलेच होती, शेवटी निंगाली. थे म्हने, पोरीनं दोन-तीनदा ओ देल्ली. बाप आवाज देऊन राह्यला अन् थे ओ देऊन राह्यली. भोंग्यापुढं कोनाले आयकू येते?"

देवीदास दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीपाशी आला होता. भांडायला नाही. त्यानं अब्बांना एकच विचारलं, "आवाज काहून वाढवला, बाबू?" तुमीच म्हनले, हे शब्द अब्बांच्या तोंडापर्यंत आले होते. ते त्यांनी गिळले. देवीदास आला तसा निघून गेला. मंडळी तंबू काढून पुढच्या जत्रेला गेली आणि अब्बा घरी आले.

"तू तवा तितलीच होतीस, सात वर्साची," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

मग मला माझ्या लहानपणाचं एक कोडं सुटलं. आमच्या घरात हाकेला 'जी' म्हणायची रीत. इमाद आजही 'जी' म्हणतो. मला मात्र अब्बांनी 'ओ' म्हणायला शिकवलं होतं, सातव्या वर्षी, रोज बसवून. अम्मी चिडायची, पोरीला हे काय खेडवळ शिकवता म्हणून. मी खेळायच्या नादात ओ दिली नाही की अब्बा चप्पल न घालता गल्लीत धावत यायचे. मला वाटायचं, माझा बाप माझ्यावर फार जीव टाकतो. टाकतच होता. पण ती सगळी हाक माझ्या एकटीसाठी नव्हती, हे कळलं आणि आत कुठंतरी दुखलं. खोटं कशाला सांगू.

"अजून येतो तिचा आवाज?"

"सहापर्यंत येते. पुढं नेला का दबते. पिक्चरच्या खालून येते. पन कुठून, थे समजत नाई."

मी मराठीची बाई. माझ्या डोक्यात तेव्हा काय यावं? तो बाप पुस्तकातलं मराठी बोलला असता, 'ओ दे' म्हणाला असता, तर पोरगी वाचली असती. असा विचार आला आणि मलाच माझा संताप आला. मी तो अब्बांवर काढला. "त्या दिवशी आवाज वाढवायचा नव्हता, अब्बा. बंद करायचा होता. एवढंच होतं. आता सहावर ठेवून काय होतं?"

बोलून गेले आणि जीभ चावली. अब्बांनी फडकं पुन्हा हातात घेतलं. "हाव," ते म्हणाले. "तेवढंच करायचं होतं."

संध्याकाळी मी इमादला सगळं सांगितलं. तो वायर सोलत बसला होता. ऐकताना त्याच्या हातातली पक्कड थांबली ती थांबलीच. सांगून झाल्यावर तो म्हणाला, "मंग राहू दे सहावर."

"आणि तुझं काम?"

"मंगल कार्यालयातही साउंड लागतेच," तो म्हणाला आणि हसायला गेला. जमलं नाही त्याला. महिनाभर शिडीवर उभं राहून बसवलेले सोळा बॉक्स एकदाही पूर्ण वाजणार नव्हते, आणि पोरगं ते कबूल करून मोकळं झालं होतं. मोठ्या आवाजाची आवड असणारी ही पिढी मला वाटली होती तेवढी बहिरी नव्हती.

शुक्रवारी तीनचा शो. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आणि तरी पोरांनी टॉकीज भरली. इमाद मागच्या भिंतीशी उभा होता. मी डावीकडे, बायांच्या बाजूला बसले. तिथं कॉलेजच्या चार मुली, एक बाई आणि तिच्या मांडीवर झोपलेलं तान्हं बाळ, बाकी खुर्च्या रिकाम्या. हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर मी ते पुन्हा पुन्हा आठवून मोजलं आहे.

पहिला अर्धा तास बोलण्याचा होता, तो निभावला. मग लोखंडी राक्षस शहरात उतरले, इमारती पडायला लागल्या, आणि सगळं सहावर. पोरं चुळबुळली. एकानं शिट्टी मारली. दुसरा मागं वळून खिडकीकडे ओरडला, "आवाज दे." मग दहा जण, मग पन्नास. थोड्या वेळात सगळी टॉकीज टाळ्यांच्या ठेक्यात एकच म्हणत होती. आवाज दे, आवाज दे, आवाज दे.

मी मान वळवून वर बघितलं. पाचशे पोरं तेच शब्द म्हणत होती आणि त्या खिडकीमागं माझा बाप एकटा होता.

आणि आवाज गेला. कमी नाही झाला, गेलाच. बटण शून्यावर. पडद्यावर इमारती पडतच होत्या, मुक्यानं. पोरं हसली, ओरडली, कुणीतरी शिवी दिली. तेवढ्यात वरच्या खिडकीतून अब्बांचा आवाज आला. म्हातारा, फाटका, पण टॉकीजभर पोचणारा.

"पार्बते. आवाज दे वो, पार्बते."

पोरं पुन्हा हसायला पाहिजे होती. तशी ती कशावरही हसतात. पण त्या हाकेत असं काही होतं की पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळे गप्प झाले. पंख्यांची घरघर तेवढी उरली. अब्बांनी पुन्हा हाक मारली. मी उठायला गेले. ओ द्यायची ती मीच द्यायला हवी, मलाच तर शिकवली होती, असं वाटलं. माझं तोंड उघडलं आणि त्यातून काही आलं नाही.

तेव्हा ओ आली. बारीक, लांबवलेली, अंगणातून पोरगी आईला देते तशी. डाव्या अंगानं, खालून.

अब्बा खिडकीत तसेच राहिले असावेत, कारण बराच वेळ काही झालं नाही. मग आवाज परत आला. सहावर आला, तिथं क्षणभर थांबला आणि सातवर गेला. माझ्या पायाखालची फरशी थरथरली, बरगड्या थरथरल्या, आणि पोरं खुर्च्यांवर चढून नाचायला लागली. जणू मधे काही झालंच नव्हतं. मी मागं बघितलं. इमाद भिंतीला टेकून रडत होता.

मध्यंतरात आम्ही दोघं बाहेर आलो, रसवंतीच्या सावलीत. खुशालराव लांबूनच इमादला हात उंचावून शाबासकी देऊन गेले. टॉकीज राहणार होती, इमादचं काम राहणार होतं. मी इमादचा हात धरला आणि म्हटलं, "फार चांगलं केलंस. माझ्यानं नाही झालं. तू ओ दिलीस म्हणून त्यांची सुटका झाली."

"बाजी, मी? मी तं मांगं होतो. मले वाटलं तू. मी तुह्यासाठीच रडून राह्यलो होतो."

रसवंतीचे घुंगरू वाजत होते. आम्ही एकमेकांचा हात सोडला नाही.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. पाचशे पोरांत एखाद्यानं गंमत म्हणून बारीक आवाज काढला असेल. त्या चार मुलींपैकी कुणी असेल, त्या रस प्यायला आल्या तेव्हा मी विचारलं तर चौघीही नाही म्हणाल्या, पण लाजल्या असतील. हे सगळं मी तिथं उभ्या उभ्या स्वतःला समजावलं. मला ते पटलंही. तरीही उन्हात माझ्या अंगावर काटा होता तो गेला नाही.

शो सुटल्यावर अब्बा लोखंडी जिन्यानं हळूहळू खाली आले. सदरा भिजून अंगाला चिकटलेला. आमच्यापाशी येऊन उभे राहिले आणि आधी इमादकडे, मग माझ्याकडे बघितलं.

"कोनं देल्ली ओ?"

इमादनं माझ्याकडे चोरून बघितलं. त्याच्या डोळ्यांतलं मला कळत होतं. म्हण ना मी दिली, बाजी. म्हाताऱ्याचं समाधान होईल. एक शब्द खोटं बोलायचं तेवढं. तो माझ्या ओठांवर आलाही होता. पण अब्बांचा चेहरा बघितला आणि सातव्या वर्षापासून त्यांच्या प्रत्येक हाकेला खरी ओ दिलेली मी, माझ्यानं ते झालं नाही.

"मी नाही दिली, अब्बा," मी म्हटलं. "इमादनंही नाही."

त्यांनी डोळे मिटले. टेकायला भिंत शोधली आणि तिला पाठ लावून खाली बसले, फरशीवरच.

"मंग ठीक हाये," ते म्हणाले. "मले भेव होतं, तुमीच देल्ली असन म्हनून."